आधी नांगर, मग उपदेश



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे शिकलो ते नांदेडच्या मोंढ्यात, पोत्यांच्या थप्पीला पाठ लावून आणि रद्दीतून उचललेली पुस्तके वाचून. अशा माणसाला लातूरकरांनी व्यासपीठावर उभे केले, हा तुमचा मोठेपणा. हमालांच्या संघटनेत उमर घालवलेला माणूस ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शेतकी शिक्षणावर बोलणार, याचे काहींना नवल वाटले असेल. पण या विषयाशी आमचे जुने देणे आहे. ते आधी सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी औसा तालुक्यातील एका गावी आम्ही शेतमजुरांची संघटना बांधायला गेलो. देवळापुढे सभा घेतली. मजुरी वाढवून घ्या, नाही तर काम बंद करा, असे तासभर बोललो. दिवस श्रावणाचे होते. मागे बसलेली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "बाबा, सोयाबीन कापायला कवा येतं, सांग बरं." आम्हांला सांगता येईना. सभा हसली. मग तिनेच समजावले, "आता खुरपणी उरकली. आता आम्ही घरी बसलो तर मालकाचं काय बिघडतं? शेंग वाळली की ती तडकायच्या आत कापावी लागते. ते चार दिवस आमचे." संप कधी करावा हे त्या माउलीला कळत होते, आम्ही मात्र पुस्तकातला संप घेऊन गेलो होतो. दोष सर्वस्वी आमचा होता. ज्यांच्या कामाचे पुढारीपण करायचे, ते काम आधी शिकावे, हे आम्ही त्या रात्री शिकलो.

पुढे सॅम हिगिनबॉटम या माणसाची हकीकत आमच्या वाचनात आली, तेव्हा ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटले. इंग्लंडात मँचेस्टर येथे १८७४ साली जन्मलेले हे गृहस्थ अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १९०३ साली हिंदुस्थानात आले. अलाहाबादच्या मिशन कॉलेजात त्यांच्याकडे अर्थशास्त्र शिकवण्याचे काम आले. पुस्तकात दारिद्र्याची कारणे लिहिलेली होती. परंतु कॉलेजाबाहेर चार मैल गेले की दारिद्र्य स्वतःच बसलेले दिसे, आणि त्याचे मूळ जमिनीत होते. शेती तर यांना येत नव्हती. तेव्हा १९०९ साली, वयाच्या पस्तिशीत, हे अध्यापक अमेरिकेस परत गेले आणि ओहायोच्या विद्यापीठात शेतकीचे विद्यार्थी होऊन बसले. मास्तराने पुन्हा पाटी हातात घेणे सोपे नसते, बंधूंनो.

परतल्यावर त्यांनी यमुनेकाठी नैनी येथे २७५ एकरांवर काम मांडले. १९१० साली स्थापन झालेली ती अलाहाबादची शेतकी संस्था. जमीन धुपलेली होती आणि तीत कांस गवत माजलेले. आपल्याकडे कुंदा आणि हरळी ज्याने खणली आहे, त्याला ते वैर सांगायला नको.

आता कोणी विचारील, शेती ती शेती. तिला उष्ण देशाचे वेगळे शास्त्र कशाला? आपल्याकडे सगळा पाऊस चार महिन्यांत येतो, आणि येतो तो माती घेऊन जातो. उन्हाने जमिनीतला कुजका पाला लवकर जळतो. शेण चुलीत जाते. उन्हाळ्यात जनावर हाडांवर येते. थंड देशाचे पुस्तक इथे उघडले तर पहिल्याच पानावर अडते. म्हणून नैनीला बांध घातले, आणि हिरवा चारा खड्ड्यात दाबून, हवा कोंडून, मुरघास करायला शिकवले. मेसन वॉ या इंजिनियराने आपल्या लहान बैलांना ओढवेल असा लोखंडी नांगर केला. त्याला नाव दिले 'वाह वाह', आणि दुसऱ्याला 'शाबाश'! १९४२ साली तेथे शेतकी इंजिनियरिंगची पदवी सुरू झाली. ती देशातली पहिली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातही रजेवर आलेल्या मिशनऱ्यांसाठी शेती आणि ग्रामजीवन यांचे वर्ग चालू झाले.

महाराष्ट्राला हे अपरिचित नव्हते. याच मिशनची उद्योग आणि शेतीची शाळा सांगलीला होती. तेथील जॉन गोहीन यांनी पुढे इचलकरंजी संस्थानाचा कारभारही पाहिला. आमचे किर्लोस्कर लोखंडी नांगर विकू लागले तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते असे लोक म्हणत. त्या काळी परदेशी माणसाने शेतकऱ्याला नांगर पटवायचा, म्हणजे किती चिकाटी लागली असेल!

परंतु एक प्रश्न टाळून आम्हांला पुढे जाता येत नाही. हा नांगर कशासाठी होता? हिगिनबॉटम यांनी लपवले नाही. त्यांच्या १९२१ सालच्या पुस्तकाच्या नावातच शुभवर्तमान आणि नांगर हे शब्द शेजारी बसले आहेत. गांधीजींचा त्यांच्याशी स्नेह होता. तरीही सेवेच्या आडून धर्मांतर साधू नये, हे गांधीजींनी मिशनऱ्यांना वारंवार बजावले. आमचे मत गांधीजींच्या बाजूचे आहे. भुकेल्या माणसाच्या हातावर भाकरी ठेवून त्याचा देव विचारू नये. आणि हाच न्याय आम्हांलाही लागू आहे. मजुरी वाढवून देतो, आधी आमच्या झेंड्याखाली या, असे म्हणणारा पुढारी कोणत्या तोंडाने मिशनऱ्याला नावे ठेवणार?

मग कस कोणता लावावा? आमच्या मते कस एवढाच की शिकवणारा निघून गेल्यावर विद्या कोणाच्या हातात उरते. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य दवाखाना घेऊन गेले. लोकांनी आधी पाणी आणि अन्न मागितले. डॉक्टरांनी ऐकले, विहिरी झाल्या, तरुण शेतकऱ्यांची मंडळे झाली. गावच्या बायांना, त्यांत निरक्षर आणि दलित बायाही आल्या, आरोग्याची विद्या दिली, आणि त्या बाया दुसऱ्यांना शिकवू लागल्या. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इथे विद्या गावात मुरली. मुरघासासारखीच!

लातूरकरहो, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने तुमच्यासाठी पाणी आले, ते तुम्ही विसरला नसाल. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. पाणी गाडीने आणता येते. पाणी राखण्याची विद्या गाडीने येत नाही, ती शिवारातच शिकावी लागते. परभणीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. 'लातूर पॅटर्न'ने शेतकऱ्यांची पोरे डॉक्टर झाली, याचा आम्हांला अभिमान आहे. पण त्यांच्यातला एखादा तरी पस्तिशीत परत विद्यार्थी होऊन बांधावर बसेल काय?

आमच्यापुरते सांगतो. संघटनेत नवा कार्यकर्ता आला की त्याला आम्ही भाषण करू देत नाही. एक हंगाम तो मोंढ्यात पोती उचलतो, नाही तर शिवारात कापणीला जातो. कित्येक पळून जातात. जे उरतात, त्यांना म्हातारीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते.

ती म्हातारी आज नाही. त्या सभेनंतर दोन वर्षांनी, शेंगा वाळल्या तेव्हा, त्या गावात काम तीन दिवस बंद राहिले आणि मजुरी वाढली. आम्ही त्या दिवशी भाषण केले नाही. गरज पडली नाही.