बॅटरी रिकामी असताना

आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की पेढा हातात पडायच्या आत प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" स्पोर्ट्‌स कारच्या मालकाला हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. पण फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईत सचिन तेंडुलकरच्या हस्ते बीएमडब्ल्यू आय-एट ही गाडी भारतीय बाजारात आली, तेव्हा हे उत्तर जाहिरातीतच होतं. लिटरला सुमारे ४७ किलोमीटर! किंमत २ कोटी २९ लाख रुपये आणि ॲव्हरेज स्कूटरचं. हा आकडा येतो कुठून, ते आज पाहू. प्लग-इन हायब्रिड गाडी जोखायची कशी, हे समजून घ्यायला मला तरी आय-एटसारखी दुसरी गाडी दिसत नाही.

प्लग-इन हायब्रिड म्हणजे पेट्रोलचं इंजिनही आहे, विजेची मोटरही आहे आणि बॅटरी घरच्या प्लगवर चार्ज करता येते, अशी गाडी. आय-एटचं इंजिन मागे आहे. दीड लिटरचं, तीन सिलिंडरचं, टर्बो. याच घराण्यातलं इंजिन तेव्हाच्या मिनी कूपरमध्ये १३६ अश्वशक्ती द्यायचं. इथे त्याच्याकडून २३१ काढून घेतली आहे आणि ती मागच्या चाकांना मिळते. पुढच्या चाकांना १३१ अश्वशक्तीची मोटर. दोन्ही मिळून ३६२. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ४.४ सेकंदांत. बॅटरी ७.१ युनिटची, त्यातली ५.२ युनिटं वापरता येतात. आपल्या वीजबिलात असतं तेच हे युनिट. एवढ्या विजेवर युरोपच्या तेव्हाच्या चाचणीत गाडी ३७ किलोमीटर गेली.

आता ते ४७ किलोमीटर. चाचणीचा नियम असा होता की मालक रोज गाडी चार्ज करतो, बॅटरी संपेपर्यंत विजेवर चालवतो आणि त्यानंतर २५ किलोमीटर पेट्रोलवर जातो, असं धरून चालायचं. म्हणजे विजेचे ३७ आणि पेट्रोलचे २५, एकूण ६२ किलोमीटर. पेट्रोल फक्त २५ किलोमीटरचं जळलं, पण भागायचं ६२ ला. उलटं गणित मांडलं तर याच गाडीचं पेट्रोलवरचं ॲव्हरेज लिटरला सुमारे १९ किलोमीटर निघतं, आणि तेही प्रयोगशाळेतल्या संथ चाचणीत. नियमाप्रमाणे आकड्यात खोट नाही. पण तो जितका गाडीबद्दल सांगतो, तितकाच एका कल्पित मालकाच्या सवयीबद्दल सांगतो. समजा, मुंबईत चार्ज करून आपण पुण्याला निघालो. विजेवर पहिले ३०-३५ किलोमीटर गेले, तर पुढचा घाट आणि उरलेला सगळा रस्ता पेट्रोलचा.

हे एका गाडीपुरतं असतं, तर मी इतका वेळ घेतला नसता. युरोपीय आयोगानं मार्च २०२४ मध्ये एक अहवाल काढला. २०२१ साली नव्यानं नोंदलेल्या गाड्यांमध्ये बसवलेल्या मापकांनी खरोखर जळलेलं इंधन मोजलं होतं. तोवर चाचणीची पद्धत बदलून अधिक कडक झाली होती. तरीही रस्त्यावरच्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांचं कार्बन उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट भरलं. कारण साधं आहे. धरून चाललं होतं तेवढं चार्जिंग लोक करत नाहीत.

म्हणून अशी गाडी जोखताना मी आधी बॅटरी रिकामी धरतो आणि विचारतो, आता ही गाडी काय लायकीची आहे? या कसोटीवर आय-एट टिकते, आणि ती तिथे टिकते म्हणूनच मला आवडते.

कारण तिचं वजन. इंजिन, मोटर, बॅटरी, मागे सहा गिअरचा एक गिअरबॉक्स, पुढे दोन गिअरचा दुसरा, एवढा संसार पोटात घेऊन गाडी भरते अवघी १,४८५ किलो. माणसं बसतात तो सांगाडा कार्बन फायबरचा आहे. हा तंतू अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मोझेस लेक इथे जलविद्युतीवर तयार व्हायचा आणि गाडी जर्मनीत लाइपझिगच्या कारखान्यात उभी राहायची. त्या कारखान्याच्या आवारात चार पवनचक्क्या आहेत. बॅटरी दोन आसनांच्या मधून, पाठीच्या कण्यासारखी लांब बसवली आहे. त्यामुळे वजन खाली आणि मध्यावर राहतं. गाडी हलकी असेल, तर बॅटरी भरलेली असो की रिकामी, तो हलकेपणा प्रत्येक किलोमीटरला कामी येतो. त्याला प्लग लागत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. पुढचे टायर फक्त १९५ मिलिमीटर रुंदीचे आहेत. वाऱ्याचा आणि रस्त्याचा विरोध त्यानं कमी होतो, पण वळणावर जोर केला की पुढची चाकं आधी हार मानतात. इंजिनाच्या आवाजाला स्पीकरची जोड द्यावी लागली आहे. मागच्या दोन जागा लहान मुलांपुरत्याच. निव्वळ चालवण्याच्या आनंदासाठी याच किमतीत पोर्श ९११ अधिक पक्की गाडी होती, हे मी मान्य करतो. मात्र एक गोष्ट आय-एटच्या बाजूनं: स्पोर्ट मोडमध्ये इंजिन सतत चालू राहून बॅटरीत वीज भरत राहतं, त्यामुळे घाटात मोटरचा जोर सहसा ऐन वेळी दगा देत नाही.

२०१४ ते जून २०२० या काळात अशा वीस हजारांहून अधिक गाड्या बनल्या आणि उत्पादन थांबलं. त्यानंतर त्याच कंपनीनं २०२४ मध्ये प्लग-इन हायब्रिड एम-फाइव्ह आणली. चार दारांची, पाच माणसांची, ७२७ अश्वशक्तीची. वजन २,४३५ किलो. आय-एटपेक्षा साडेनऊशे किलो जास्त, म्हणजे एक अख्खी मारुती स्विफ्ट. ती मोठी गाडी आहे, तुलना अगदी समान नाही, हे मला कळतं. तरीही बॅटरी संपल्यावर हे सगळं ओझं पेट्रोलच ओढणार. आय-एटनं दाखवलेली वाट सोडून जड गाडीत मोठी बॅटरी घालायची वाट धरली गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्यापैकी कुणी प्लग-इन हायब्रिड घेणार असेल, मग ती स्पोर्ट्‌स कार असो की घरची साधी गाडी, तर एवढं करा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपल्या जागेपाशी चार्जिंगचा पॉइंट मिळेल का, हे आधी पाहा. मग शोरूममध्ये जा, बॅटरी संपलेली गाडी चालवायला मागा, आणि त्या गाडीत बसून विचारा, "ॲव्हरेज किती देते?"