शंकूची छाया आणि घराची दिशा



इंदूरहून सांवेर रोडने उत्तरेस निघाले की सांवेरमागून उज्जयिनी येते. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेल्या तेथील वेधशाळेचा 1923 मध्ये माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने जीर्णोद्धार झाला. गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक होते. तेथील शंकूची माध्यान्हछाया पंचांगकर्त्याइतकीच घर बांधणाऱ्यालाही मार्गदर्शक आहे.

इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. 21 जूनच्या सुमारास मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. 22 डिसेंबरच्या सुमारास तो दक्षिणेकडे क्षितिजापासून केवळ 44 अंश वर येतो. म्हणून दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीच्या माथ्यालगत दोन फुटांचा छज्जा असला, तर वसंतसंपातापासून शरद्संपातापर्यंत मध्यान्हीचे ऊन बाहेर थोपते आणि पौषात तेच खोलीत उतरते.

पश्चिमेस मात्र छज्जा निष्प्रभ ठरतो. वैशाखातील कलते ऊन थेट भिंतीवर पडते आणि दिवसभराचा ताप ती भिंत रात्री आत सोडते. सांवेर रोड साधारणतः दक्षिणोत्तर जातो; त्यामुळे रस्त्याकडे तोंड करणारी घरे पूर्वाभिमुख वा पश्चिमाभिमुख होतात. कारखान्यातून थकून आलेल्या कामगाराच्या वाट्याला माळव्याची प्रसिद्ध शीतल रात्र मग येतच नाही.

दार रस्त्याकडे असावे. परंतु घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. पश्चिमेस शयनगृहाऐवजी जिना, न्हाणीघर वा कोठी असावी, बाहेर कडुनिंब लावावा, छतास चुन्याचा पांढरा हात द्यावा. पाया आखण्यापूर्वी केलेल्या या विचारास खर्च अल्प लागतो. भिंत उभी राहिल्यावर मात्र तिची दिशा बदलता येत नाही.