नजरेचा सराव आणि चष्म्याचा नंबर

तुमच्या पत्रांतून एकच प्रश्न सारखा येतो: मोबाइलवर नजरेचे खेळ खेळून चष्मा सुटेल का? नाही सुटणार. मग सरावाने सुधारतं काय? समजा, हिरव्या उभ्या आणि लाल आडव्या रेघांच्या गर्दीत एकच लाल उभी रेघ आहे. सगळ्या हिरव्यांत एक लाल असती, तर ती क्षणात डोळ्यांत भरली असती. इथे मात्र लाल रंग आडव्या रेघांतही आहे आणि उभेपणा हिरव्यांतही. दोन्ही गुण एकाच रेघेत कुठे जुळतात, हे लक्षाला एकेक रेघ पाहत शोधावं लागतं. म्हणून गर्दी वाढली की वेळही वाढतो, असं अ‍ॅन ट्रीसमन आणि गॅरी जिलाड यांनी १९८० साली मांडलं. सरावाने हा वेळ कमी होतो, हे खरंच.

‘मग डोळे सुधारलेच ना!’ असं कोणी म्हणेल. तसं असतं तर फायदा सगळीकडे दिसला असता. व्हिन्सेंट वॉल्श आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रयोग प्रसिद्ध केला. डोक्याच्या मागच्या-वरच्या बाजूच्या मेंदूच्या भागात चुंबकीय झटक्याने क्षणभर अडथळा आणला, की असा जोडगुणांचा शोध मंदावे. त्याच चित्राचा भरपूर सराव झाल्यावर झटक्याचा परिणाम उरला नाही. नवं चित्र देताच तो पुन्हा दिसला. म्हणजे शिकला तो मेंदू, आणि तोही बराचसा त्या चित्रापुरता. बुबुळाचा आकार, डोळ्याची लांबी तशीच राहिली, आणि चष्म्याचा नंबर ठरतो तो मुख्यतः त्यांवरून. रंगांधळेपणाही याने जात नाही. ‘आळशी डोळ्या’चे उपचार वेगळे; ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे.

खेळ खुशाल खेळा, मधून मधून डोळ्यांना विश्रांती द्या. पण त्यासाठी चष्मा काढू नका. पुन्हा सांगते, काढू नका. खेळातले गुण वाढले म्हणून तपासणी पुढे ढकलू नका; काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, नजर कडेने खात जातो आणि गेलेली नजर परत मिळत नाही. आणि अहो आईबाबा, फळ्यावरचं दिसत नाही म्हणणाऱ्या लेकराचा चष्मा ‘सवय लागेल’ म्हणून कपाटात ठेवता, तेव्हा मात्र मला खरंच राग येतो! त्याचा नंबर पत्रातून कळत नाही. नेत्रतज्ज्ञाकडे न्या, याच आठवड्यात.