अंकगणिताच्या गोळ्या

घरांतील मूल तापानें फणफणलें म्हणजे डॉक्टरांना बोलावण्यास कोणी संकोच करीत नाहीं. शेजारीपाजारी विचारपूस करून जातात, औषधाची बाटली उघड्या फळीवर राहते. परंतु तेंच मूल क्षणभरही एका जागीं बसेनासें झालें, अथवा पंधरा वर्षांची मुलगी महिनोन् महिने उदास राहूं लागली, कीं घरांतली भाषा पालटते. मूल 'वांड' ठरतें, मुलीचे 'नखरे' ठरतात; आणि औषधाचें नांव निघालें तर आईबापांच्या मनांत दोन भयें उभीं राहतात: लोक काय म्हणतील, आणि औषधानें मूल बिघडणार तर नाहीं ना? पहिल्या भयाला वैद्यकशास्त्रापाशीं उत्तर नाहीं. दुसऱ्याला बरेंचसें आहे. आणि त्याची कथा अमेरिकेंतील एका दुःखी कुटुंबापासून सुरू होते.

ऱ्होड आयलंड राज्यांतील जॉर्ज ब्रॅडली या धनिक गृहस्थाची मुलगी एमा सात वर्षांची असतां मेंदूच्या दाहानें कायमची अपंग झाली. तिच्यासारख्या मुलांना कोठें तरी आधार मिळावा म्हणून आईबापांनीं आपली संपत्ति ठेविली, आणि तिच्या नांवाचें उपचारगृह १९३१ सालीं उघडलें. तेथें मुलांच्या मेंदूचीं क्ष-किरण चित्रें घेण्यासाठीं पाठीच्या कण्यांतील द्रव काढून हवा भरीत असत. त्यानंतर मुलांचें डोकें असह्य दुखे. हें दुखणें थांबावें म्हणून डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनीं बेंझेड्रीन नांवाचें उत्तेजक औषध देऊन पाहिलें. डोकेदुखी फारशी हटली नाहीं. परंतु कांहीं मुलांचें अभ्यासांत एकाएकीं लक्ष लागूं लागल्याचें शिक्षकांना दिसून आलें. ब्रॅडलींनीं ३० मुलांचें निरीक्षण करून १९३७ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकीं १४ मुलांची शाळेंतील प्रगति थक्क करणारी होती; आणि औषध बंद होतांच ती ओसरत असे. मुलांनीं तर त्यांना 'अंकगणिताच्या गोळ्या' असेंच नांव दिलें.

उत्तेजक औषधानें चंचल मूल स्थिर व्हावें, हें प्रथमदर्शनीं उफराटें वाटतें. परंतु लक्ष टिकविणें आणि मनाचा लगाम खेंचणें या कामांत मेंदूच्या पुढील भागाचा मोठा वांटा असतो. तेथें डोपामीन व नॉरअॅड्रीनलीन या द्रव्यांचें कार्य वाढलें कीं लगाम धरणारा हात बळकट होतो. मुलाला गुंगी आणून गप्प बसविण्याचा हा प्रकार नव्हे. आज याच कामासाठीं मिथाइलफेनिडेट हें औषध विशेष वापरतात. त्यानें भूक मंदावते, झोप उशिरां येते. म्हणून वजन, उंची, नाडी व रक्तदाब वेळोवेळीं मोजावे लागतात. सहा वर्षांखालील मुलाच्या बाबतींत तर आधीं आईबापांनाच वागणुकीचें शिक्षण देणें योग्य समजतात.

मग सारें गोळीवरच सोंपवावें काय? १९९९ सालीं अमेरिकेंत ५७९ मुलांवरील १४ महिन्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अतिचंचलता व दुर्लक्ष यांवर काळजीपूर्वक दिलेलें औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षां अधिक गुणकारी ठरलें. दोन्ही जोडीनें दिले तेव्हां औषधाची मात्रा कमी पुरली. परंतु तीन वर्षांनंतर पाहतां या गटांतील फरक उरला नव्हता. तात्पर्य, एकदां दिलेली चिठ्ठी जन्मभर पुरत नाहीं. उपचार पुनःपुन्हा तपासावा लागतो.

कुमारवयांतील विषण्णतेचा प्रश्न याहून नाजूक आहे. २००४ सालीं १२ ते १७ वर्षांच्या ४३९ मुलामुलींचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनीं फ्लुओक्सेटीन हें औषध आणि विचार-वर्तनाचा संवादोपचार दोन्ही मिळालेल्यांपैकीं शेंकडा ७१ जणांना गुण आला. केवळ औषधानें ६१, केवळ संवादानें ४३, आणि औषधरहित गोळीनें ३५ जणांना. त्याच वर्षीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें अशा औषधांवर ठळक इशारा छापण्यास सांगितलें. अनेक चांचण्या एकत्र पाहतां आत्मघाताचे विचार अथवा तसें वर्तन औषध घेणाऱ्यांत शेंकडा ४, तर न घेणाऱ्यांत शेंकडा २ आढळलें होतें. त्या चांचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही घडली नव्हती. या आंकड्यांनीं भिऊन औषध टाळणें हा शहाणपणा नव्हे, कारण उपचाराविना राहिलेली विषण्णताही जीवघेणी असते. मात्र पहिल्या कांहीं आठवड्यांत, तसेंच मात्रा बदलतांना, घरच्यांचें लक्ष डोळ्यांत तेल घालून असावें. एकाएकीं वाढलेली तळमळ, चिडचीड, उडालेली झोप किंवा मरणाची भाषा दिसली तर डॉक्टरांना त्याच दिवशीं कळवावें.

भारतांत २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणींत १३ ते १७ वयाच्या मुलांपैकीं शेंकडा ७.३ जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गांत सरासरी तिघांना. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें अल्पवयीन रुग्णास प्रौढांपासून वेगळें ठेवण्याचें बंधन घातलें. २०२२ सालीं सरकारनें १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनें सल्ला देण्याची सोय केली. परंतु कायदा व दूरध्वनि घराच्या दारापर्यंतच येऊं शकतात.

पुढचें काम घरच्यांचें आहे. औषध कशासाठीं आहे हें मुलाला त्याच्या वयास कळेल अशा शब्दांत सांगावें. चार दिवस बरें वाटलें, किंवा पाहुणे घरीं आले, म्हणून औषध परस्पर थांबवूं नये. गोळ्या मोठ्यांच्या हातून दिल्या जाव्यात आणि कुलपांत राहाव्यात. मात्र आजाराचें नांव कुलपांत ठेवूं नये. ज्या घरांत तें मोकळेपणानें उच्चारलें जातें, तेथील मूल आपलें दुखणें वेळेवर सांगतें.