छातीवर कोण बसतं?

श्रोतेहो, आजचा विषय दिवसाउजेडी ऐकायला किरकोळ वाटेल. पण रात्री दोन वाजता ज्याच्यावर हा प्रसंग येतो, त्यालाच त्याची धास्ती ठाऊक.

माणूस उताणा झोपलेला असतो. एकाएकी जाग येते. वरचं आढं दिसतं, शेजारी झोपलेल्याचा श्वास ऐकू येतो; पण हात हलत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही. छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. दाराशी काळी आकृती उभी असते. थोड्या वेळानं सारं मोकळं होतं आणि अंग घामानं भिजलेलं असतं.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. वडनेरला मामांकडे राहून मी दहावीचा अभ्यास करीत होतो. रात्री उशिरापर्यंत पुस्तक, मधेच मामांबरोबर हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात, पहाटे पुन्हा पुस्तक. त्या हिवाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा मला असं व्हायचं. आजीनं मांत्रिक बोलावला. त्यानं तांदळाचे दाणे मोजले आणि बोट दाखवलं ते शेजारच्या एकट्या म्हातारीकडे. तिनं मला कितीदा तरी ताक पाजलं होतं. पण त्या दिवसापासून मोहल्ल्यातल्या बाया तिच्याकडे विरजण मागायला जाईनात. मला दिसणाऱ्या आकृतीला चेहरा नव्हता, हे मला माहीत होतं. मी ते बोललो नाही.

आता कारण पाहू. आपल्या झोपेचे टप्पे असतात. त्यातल्या एका टप्प्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात आणि ठळक स्वप्नं पडतात. शिकागो विद्यापीठातल्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी 1953 साली हा टप्पा जगापुढे मांडला. स्वप्नात आपण धावतो, पण खाटेवरून उठून धावत नाही. कारण त्या वेळी मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो. श्वास मात्र चालू राहतो. कधीकधी मन आधी जागं होतं आणि शरीराची ही सैल अवस्था थोडी मागे रेंगाळते. स्वप्नही पुरतं विरलेलं नसतं, म्हणून उघड्या डोळ्यांना आकृती दिसते. छातीचे स्नायू सैल असल्यानं दीर्घ श्वास घेता येत नाही, तोच भार वाटतो. याला झोपेतला लकवा म्हणतात. पण हा खरा लकवा नव्हे. काही क्षणांत, फार तर काही मिनिटांत, तो आपोआप सुटतो.

हे जगभर घडतं. जपानात त्याला ‘कानाशिबारी’ म्हणतात. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर तर छातीवर म्हातारी चेटकीण बसते असंच मानत. अनुभव एक, नाव मात्र ज्या त्या गावाचं.

मग करावं काय? त्या क्षणी झटापट करू नये. ‘हे सुटणार आहे’ असं मनाशी म्हणावं, श्वासाकडे लक्ष द्यावं आणि एखादं बोट हलवून पाहावं. सुटल्यावर लगेच डोळे मिटू नयेत. उठून बसावं, तोंड धुवावं, मग कुशीवर झोपावं. घरच्यांना सांगून ठेवावं की मी कण्हलो तर मला हात लावून हाक मारा.

वारंवार होत असेल तर आधी झोप सुधारा. अपुरी आणि अवेळी झोप, मनावरचा ताण, उताणं झोपणं यांनी हे वाढतं. रोज ठरल्या वेळी निजावं, ठरल्या वेळी उठावं. रात्री चहा, खर्रा, दारू टाळावी. ओलितासाठी किंवा जागलीसाठी रात्र गेली, तर दिवसा अंधाऱ्या खोलीत ती झोप भरून काढावी. भीतीनं झोप उडते आणि झोप उडाली की पुन्हा तेच होतं. हे चक्र तोडायचं आहे.

एवढं करूनही थांबत नसेल, दिवसा अनावर झोप येत असेल, हसताना गुडघ्यातलं बळ जात असेल, किंवा झोपेत घोरता घोरता श्वास अडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. मनावर ताण असेल तर 14416 या सरकारी दूरध्वनीवर मोफत बोलता येतं. आणि अमक्या बाईनं करणी केली असं सांगून तिचं जगणं मुश्किल करणं, हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, परीक्षेच्या दिवसांत वर्गात पेंगणाऱ्या मुलाला रागावण्याआधी त्याची रात्र कशी जाते ते विचारा.

ती म्हातारी आज नाही. तिच्यासाठी जे तेव्हा बोलायचं राहिलं, ते आज तुमच्यापुढे बोललो. उद्या सकाळी तुमच्या घरी कोणी म्हणालं की रात्री मला दाबलं, तर ‘कोणी?’ असं विचारू नका. ‘किती झोपलास?’ असं विचारा.