झील धरणारी माणसं

पोवाडा गाताना शाहिराच्या मागे जे उभे असतात, त्यांना झीलकरी म्हणतात. शाहिराची ओळ संपली की ते 'जी जी रं जी' म्हणत सूर उचलून धरतात. तेवढ्यात शाहिराला दम घ्यायला सवड मिळते. आज मला या झीलकऱ्यांविषयी बोलायचं आहे.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचे चालवायचे. अक्षरओळख जेमतेम. पण १९५६ साली कामगार मैदानावर ऐकलेला शाहीर अमर शेख यांचा आवाज त्यांनी आयुष्यभर कानात जपला. पुढं मी कविता लिहू लागलो. एका कविसंमेलनात सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून दिली, 'हे मुसलमान असूनही किती सुंदर मराठी लिहितात!' टाळ्या पडल्या. मी खाली मान घालून बसलो. घरी येऊन वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, ''अरे, त्यांना विचारायचं होतंस, संयुक्त महाराष्ट्र कुणाच्या आवाजात मागितला होता म्हणून!''

अमर शेख हे मूळचे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. तिघंही शाहीरच. पण एकेकट्यानं गात फिरण्यापेक्षा त्यांनी पथक बांधलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. पथक म्हटलं की तालीम आली, कामाची वाटणी आली. एकाची लेखणी, दुसऱ्याचा गळा, कुणाची ढोलकी, कुणाचं तुणतुणं. आदल्या दिवशी चाळीत जाऊन सभेची बातमी देणारा आणि सभेनंतर झोळी फिरवणारा, हेही पथकाचेच. वर्तमानपत्र ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यापर्यंत महागाई, सावकारी, संप हे विषय डफावरून पोचले.

अण्णाभाऊंनी तमाशाचा जुना साचा घेतला, पण आत बदल केला. गणात देवाऐवजी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आलं. गौळण गेली. वगात राजाराणीऐवजी शेतकरी आणि मजूर बोलू लागले. सरकारला याची धास्ती वाटली आणि पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली.

मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. लढा संपेपर्यंत शंभरावर माणसं गेली. त्या दिवसांत अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड अमर शेख गात. पोटासाठी मुंबईला आलेला गडी आणि मागं राहिलेली त्याची बायको. ऐकणाऱ्या प्रत्येकाचं हेच दुःख होतं. त्यातूनच कवी त्याला मुंबई, बेळगाव, कारवारच्या ताटातुटीपर्यंत घेऊन जातो. सीमाप्रश्न भाषणातून समजला नसेल, अशा माणसालाही तो मैनेमुळं समजला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला; बेळगाव आणि कारवार बाहेरच राहिले.

१९६९ साली जुलैत अण्णाभाऊ गेले आणि ऑगस्टमध्ये अमर शेख अपघातात गेले. दोघांमध्ये जेमतेम सहा आठवड्यांचं अंतर.

आज मोबाइलवर गाणं तयार करून तासाभरात लाखो लोकांना ऐकवता येतं. ही सोय त्या शाहिरांना मिळाली असती तर त्यांनी ती आनंदानं वापरली असती. पण गाणं झोंबलं, गायकाच्या दारी पोलीस आले, तर त्याच्या मागं कोण उभं राहतं? ऐकणारे लाख असतात, झील धरणारे चारही नसतात. बंदी आली तेव्हा कलापथकाला पुढचा कार्यक्रम ठरवणारी, जामिनाची धावपळ करणारी, घरच्यांना भाकरी पोचवणारी माणसं लागली. त्यांची नावं कुठल्या गाण्याखाली छापलेली नाहीत.

माझ्या वडिलांना त्यातलं एकही कवन सलग म्हणता येत नव्हतं. झील मात्र पक्की पाठ होती. शेवटच्या आजारपणात मी त्यांना माझ्या कविता वाचून दाखवायचो. एखादी ओळ आवडली की डोळे मिटूनच ते हळूच म्हणायचे, ''जी जी रं जी.'' त्या टाळ्यांपेक्षा मला ही दाद मोठी वाटते.