दुखणे किती दिवस अंगावर काढावे?

(संस्थेच्या आरोग्य शिबिरात सभासद व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराला डॉक्टर मंडळी हजर असताना बोलायला बँकेतला कारकून का उभा केला, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. आम्ही कला शाखेचे पदवीधर. औषधांच्या बाबतीत आमचा अधिकार शून्य. परंतु कोणते औषध घ्यावे हा आजचा विषय नाही. दवाखान्याची पायरी कधी चढावी, एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत. हा निर्णय डॉक्टर घेत नाहीत. तो आपल्या घरात, पगाराच्या तारखेकडे बघत घेतला जातो, म्हणून त्यावर बोलण्याचा हक्क आम्हालाही आहे असे आम्ही समजतो.

दुखणे अंगावर काढणे ही आपल्याकडे कौतुकाची गोष्ट आहे. ‘तीन दिवस फणफणलो, पण एक खाडा पडू दिला नाही,’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यामागची अडचण खरी आहे. रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली. केस पेपरच्या रांगेत उभे राहिले की अर्धा दिवस गेला. आम्हा पगारदारांना वैद्यकीय रजा असते, तेव्हा दुसऱ्याला ‘लगेच का नाही गेलात?’ असे विचारणे आमच्या तोंडी शोभत नाही. प्रश्न इतकाच, की तो अर्धा दिवस कधी खर्च केला तर सार्थकी लागेल?

साधा फ्ल्यू आधी पाहू. तो एकाएकी येतो. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी कण्हत परततो. ताप, थंडी, डोके आणि अंग ठणकणे, कोरडा खोकला. ताप बहुधा तीन-चार दिवसांत ओसरतो आणि आठवड्याभरात बहुतेक माणसे उठून बसतात. खोकला आणि अशक्तपणा मात्र दोन आठवडे, क्वचित त्याहूनही जास्त रेंगाळतो. धडधाकट माणसाने या दिवसांत विश्रांती घ्यावी, भरपूर पाणी आणि पेज घ्यावी, तापाला पॅरासिटामॉल वेष्टनावर सांगितले त्या मात्रेतच घ्यावी. एवढ्याने भागते. घसा दुखला म्हणून पहिल्याच दिवशी धावण्याची गरज नाही, हेही सांगितले पाहिजे.

मग कशावर नजर ठेवायची? दुखणे कोणत्या दिशेला चालले आहे, त्यावर. बँकेत गिऱ्हाईक नुसते ‘माझे पैसे कमी झालेत’ म्हणाले तर आम्ही पासबुक मागतो. डॉक्टरही पहिला प्रश्न तोच विचारतात, ‘किती दिवस झाले?’ आणि आपण सांगतो, ‘झाले असतील चार-पाच.’ त्या चार-पाचांत पुष्कळ फरक असतो. म्हणून घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींना आमची विनंती आहे, की वहीच्या मागच्या पानावर ताप कोणत्या तारखेला आला, सकाळ-संध्याकाळ किती होता, कोणती गोळी केव्हा दिली, हे लिहून ठेवावे. ताप रोज थोडा उतरत असेल तर खाते ठीक चालले आहे. तीन-चार दिवसांनंतरही हलत नसेल तर पान घेऊन दवाखान्यात जावे.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे उतरलेला ताप परत येणे. माणूस दोन दिवस बरा असतो, कामावर जातो, आणि मग पुन्हा थंडी वाजते, खोकला वाढतो, छातीत दुखते. आपण म्हणतो, ‘उलटला असेल.’ वास्तविक फ्ल्यूने कमजोर केलेल्या फुफ्फुसांत आता जिवाणू शिरून न्यूमोनिया झालेला असू शकतो. १९१८ सालच्या साथीत दुसरी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरात मुंबई इलाख्यावर आली आणि तिने घरेच्या घरे ओस पाडली. त्या जागतिक साथीतले बहुतेक मृत्यू अशा मागाहून झालेल्या न्यूमोनियाने झाले, असे संशोधक मानतात. त्या वेळी पेनिसिलिनचा शोधही लागलेला नव्हता. आज औषध आहे. ते वेळेत मिळण्याचा काय तो प्रश्न. तेव्हा परत आलेल्या तापाला एक दिवसही उसना देऊ नये.

काही माणसांनी मात्र दिवस मोजत बसूच नये. गरोदर बाई, पासष्टीच्या पुढचे वृद्ध, पाच वर्षांखालचे मूल, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले. देशातला स्वाइन फ्ल्यूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. तो विषाणू आता दरवर्षीच्या साध्या फ्ल्यूमध्ये मिसळून गेला आहे. त्यावरचे ओसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर जास्त उपयोगी पडते. जोखमीच्या माणसाने पाचव्या दिवशी जाणे म्हणजे मुदत टळल्यावर हुंडी घेऊन येण्यासारखे आहे. आणि आजी-आजोबांच्या बाबतीत थर्मामीटरवर फार विसंबू नका. म्हाताऱ्या अंगात ताप नीट चढत नाही. कालपर्यंत नातवंडांची नावे घेणारी आजी आज असंबद्ध बोलू लागली, जेवण टाकले, तर तेच लक्षण समजावे.

लहान मुलांसाठी विद्यार्थ्यांना एक काम शिकवून ठेवतो. मूल शांत असताना घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजायचे. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त भरले, तर श्वास जलद आहे आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचे. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल दूध-पाणी घेत नसेल, फिट आली असेल, तर रात्र असो की पाऊस, रुग्णालयच. मोठ्यांनाही बसल्या जागी धाप लागली, ओठ निळसर झाले, छातीत दाब वाटू लागला, भान हरपू लागले, तर १०८ ला फोन करावा. शेजाऱ्यांचा सल्ला नंतर घेता येईल. कोरोनाच्या काळात बोटाला लावायचे यंत्र पुष्कळांनी घेतले होते, ते कपाटात असेल तर काढा; एरवी ठीक असलेल्या माणसाचा आकडा ९४ च्या खाली दिसू लागला तर थांबू नये.

पावसाळ्यात आणखी एक पेच असतो. आपण ज्याला फ्ल्यू म्हणतो तो फ्ल्यू असेलच असे नाही. हुडहुडी भरून ताप आला तर मलेरियासाठी रक्त तपासावे. डेंग्यूत तर ताप उतरतो तेव्हाच जपायचे असते; पोट जोराने दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून रक्त येणे ही लक्षणे त्याच सुमारास दिसतात. म्हणून पावसाळी तापात अंगदुखीच्या इतर गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन व ॲस्पिरिन, स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोची साथ आली होती. तुंबलेल्या पाण्यातून चालल्यानंतर महिन्याभरात ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर ‘पाण्यातून गेलो होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. ते विचारतीलच याचा भरवसा नाही.

आता सुईबद्दल. सुई टोचली की पैसे वसूल झाले, असे आपल्याकडे मानतात आणि काही डॉक्टर ते ओळखून असतात. फ्ल्यू विषाणूचा आजार आहे, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. आमच्या वस्तीतल्या एक ताई घरकामाला जातात. खोकला धरला तेव्हा गल्लीतल्या दवाखान्यात गेल्या. सुई मिळाली, गोळ्या मिळाल्या, चार दिवस बरे वाटले. पुन्हा खोकला, पुन्हा सुई. असे सहा आठवडे गेले. संध्याकाळची कणकण होती, पोलके सैल झाले होते, तरी ‘हवा बदलली आहे’ असेच सर्वजण म्हणत होते. शेवटी बारावीत शिकणाऱ्या भाच्याने त्यांना महापालिकेच्या दवाखान्यात नेऊन थुंकी तपासायला लावली. क्षय निघाला. सहा महिने औषध घेऊन त्या आता बऱ्या आहेत. पण त्या सहा आठवड्यांत दहा बाय दहाच्या खोलीत त्यांच्याजवळ तीन मुले झोपत होती. काही अँटिबायोटिकांनी क्षयाची लक्षणे तात्पुरती दबतात आणि निदान लांबते, हे त्यांच्यासारख्यांना कोणी सांगत नाही.

म्हणून खोकल्याची हद्द दोन आठवड्यांची धरावी. चौदा दिवस झाले की थुंकीची तपासणी. खोकल्यात रक्त दिसले, वजन घटू लागले, रात्री घाम येऊ लागला, तर चौदा दिवसही नकोत. सरकारी व महापालिकेच्या केंद्रांत ही तपासणी आणि पुढचे सर्व औषध मोफत आहे. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाला आहारासाठी दरमहा १००० रुपये बँक खात्यात मिळतात. खाते नसेल तर त्या कामात मात्र आमचा अधिकार आहे, आमच्याकडे या.

आपल्याकडून आलेल्या चिठ्ठ्यांत एकच प्रश्न तीनदा आला आहे, ‘ताप गेला, खोकला राहिला, कामावर जावे का?’ गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप आला नसेल आणि एकूण बरे वाटत असेल तर जावे. काही दिवस तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधावा, विशेषतः ज्यांच्या हाताखाली लहान मुले किंवा स्वयंपाक असतो त्यांनी. जिना चढताना पहिला आठवडा थकवा वाटेल, तो चालतो. बसल्या जागी दम लागत असेल तर चालत नाही. आणि खोकल्याचा चौदावा दिवस कोणत्या तारखेला येतो, ते वहीत आजच मांडून ठेवावे.